खिडकीसमोरची गाडी

रेल्वेच्या जुन्या सिग्नल केबिनमध्ये आयुष्य घालवलेल्या माणसांनी स्वतःच्या आठवणी क्वचितच लिहिल्या. त्यांचे बोलणे आपल्यापर्यंत पोचले ते मुख्यतः अपघातांच्या चौकशीतून. ब्रिटनमध्ये 1840 पासून सरकारने रेल्वे निरीक्षक नेमले. ते बहुधा लष्करातले इंजिनिअर असत. अपघात झाला की ते जागेवर जात, केबिनमधल्या माणसाला समोर बसवून मिनिटामिनिटाचा हिशेब विचारत आणि त्याची उत्तरे अहवालात उतरवत. त्यामुळे ज्या हजारो सिग्नलमननी पाळीमागून पाळी बिनचूक काढली, त्यांचा एक शब्दही उरलेला नाही. उरल्या त्या एखाद्याच पहाटे चुकलेल्यांच्या जबान्या.

या जबान्यांमधून जाताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. सिग्नलमनच्या हातून घडलेले मोठे अपघात बहुतेक अज्ञानातून किंवा बेफिकिरीतून झालेले नाहीत. ते विसरण्यातून झाले. माणूस विसरतो हे रेल्वे कंपन्यांना पहिल्यापासून ठाऊक होते, त्यावरचे उपायही एकेक करून हाती येत होते. तरी कितीतरी वर्षे शेकडो प्रवाशांचा जीव एका माणसाच्या स्मरणशक्तीवर टांगलेला राहिला, आणि ती चुकली की शिक्षा त्या माणसाला झाली. हा इतिहास ब्रिटनचा असला तरी आपल्याला परका नाही. 1853 मध्ये बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी नेणाऱ्या जीआयपी रेल्वेने रुळांबरोबर तिथली कामाची रीतही इकडे आणली. लिव्हर, घंटा, ‘लाइन क्लिअर’ हे सगळे तिथून आलेले.

सुरुवातीच्या काळात दोन गाड्यांमध्ये अंतर राखले जाई ते घड्याळाने. एक गाडी गेली की ठरावीक मिनिटे थांबायचे आणि दुसरी सोडायची. पुढची गाडी वाटेत बंद पडली तर मागच्या गाडीला ते कळायला मार्ग नव्हता. बोगद्यांत हा धोका फारच मोठा, म्हणून काही ठिकाणी बोगद्याच्या दोन्ही तोंडांना माणसे ठेवून त्यांना तारयंत्राने जोडले होते. लंडन-ब्रायटन मार्गावरचा क्लेटन बोगदा त्यांपैकी एक.

25 ऑगस्ट 1861, रविवार. दक्षिणेकडच्या तोंडाशी हेन्री किलिक नावाचा सिग्नलमन होता. आठवड्यातून एक पूर्ण सुटी मिळावी म्हणून तो त्या दिवशी सलग चोवीस तासांची पाळी करत होता. सकाळी ब्रायटनहून तीन गाड्या लागोपाठ सुटल्या, 8.28, 8.31 आणि 8.35 ला. पहिली बोगद्यात शिरली. तिच्यामागे सिग्नल आपोआप ‘धोका’ दाखवायला हवा होता, पण तो फिरला नाही. धोक्याची घंटा वाजली तेव्हा किलिक लाल निशाण घेऊन बाहेर धावला, तोवर दुसऱ्या गाडीचे इंजिन त्याच्यासमोरून आत चालले होते. ड्रायव्हरने निशाण पाहिले की नाही, त्याला कळेना. त्याने पलीकडच्या माणसाला तारेने विचारले, बोगदा मोकळा आहे का? पलीकडच्याने नुकतीच पहिली गाडी बाहेर पडताना पाहिली होती. मोकळा आहे, असे त्याने कळवले. किलिकला वाटले, दुसरीही गेली. त्याने तिसऱ्या गाडीला पांढरे निशाण दाखवले.

दुसऱ्या गाडीच्या ड्रायव्हरने मात्र लाल निशाण पाहिले होते. तो बोगद्यातच थांबला होता आणि काय झाले ते विचारायला गाडी मागे घेत होता. अंधारात तिसरी गाडी त्याच्यावर आदळली. 23 माणसे मेली, 176 जखमी झाली. तारेच्या दोन्ही टोकांची माणसे जागी होती, दोघेही खरे बोलत होते. उत्तर कोणत्या गाडीबद्दल आहे, हे सांगायची सोय त्या यंत्रात नव्हती. पाच वर्षांनी चार्ल्स डिकन्सने बोगद्याच्या तोंडाशी एकट्या राहणाऱ्या सिग्नलमनची भुताची गोष्ट लिहिली. ती क्लेटनवरून सुचली असावी असे अनेकांना वाटते. डिकन्स स्वतः 1865 मध्ये स्टेपलहर्स्टच्या अपघातातून वाचलेला होता.

पुढच्या तीस वर्षांत केबिनचे रूप पालटले. सांधा एकीकडे आणि सिग्नल दुसरीकडे, असे उलटसुलट कधी होऊच नये म्हणून जॉन सॅक्सबीने 1856 मध्ये इंटरलॉकिंगचे पेटंट घेतले होते. एक लिव्हर ओढला की त्याच्याशी विसंगत असलेले लिव्हर खालच्या खाली अडकून बसत. घड्याळाऐवजी मार्गाचे तुकडे पाडले गेले आणि एका तुकड्यात एका वेळी एकच गाडी, असा ब्लॉकचा नियम आला. पण या गोष्टी सगळीकडे सक्तीच्या झाल्या त्या 1889 च्या कायद्याने, आणि तो कायदा आला आयर्लंडमधल्या आर्मा इथे सहलीच्या गाडीत सुमारे 80 जण मेल्यावर. त्यांत मुले खूप होती.

आता सिग्नलमन निशाण घेऊन धावणारा राहिला नव्हता. रुळांच्या कडेला उंचावर, तिन्ही बाजूंनी काचा असलेली खोली, मधोमध लिव्हरांची रांग, वर फळीवर घंटा आणि काटे दाखवणारी यंत्रे, कोपऱ्यात शेगडी, उतरत्या मेजावर गाड्यांची नोंदवही. लाल लिव्हर सिग्नलचे, काळे सांध्यांचे, निळे कुलपांचे. ही रंगसंगती आपल्याकडच्या केबिनमध्येही तशीच होती. घामाने लोखंड गंजू नये म्हणून लिव्हर फडक्याने धरायचा. लांबच्या सिग्नलची तार कित्येक शे मीटर बाहेर गेलेली असे, तो ओढायला पाय रोवून अंग मागे झोकावे लागे. थंडीत तार आखडे, उन्हात सैल पडे. शेजारच्या केबिनकडून घंटेचे चार ठोके आले की एक्स्प्रेस घेणार का असा प्रश्न. तेच ठोके परत वाजवले की घेतली. दोन ठोके म्हणजे गाडी तुझ्या हद्दीत शिरली. गाडी समोरून गेली की तिच्या शेवटच्या डब्याचा लाल दिवा स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचा, तो दिसल्याशिवाय मागचा मार्ग मोकळा धरायचा नाही. प्रत्येक ठोक्याची वेळ वहीत लिहायची. दर थोड्या मिनिटांनी हेच, रात्रभर, एकट्याने.

यात एक मोठी फट राहिली होती. इंटरलॉकिंगला सांधे आणि सिग्नल यांचे नाते कळे, रुळावर गाडी उभी आहे की नाही हे कळत नसे. ते फक्त सिग्नलमनला ठाऊक असायचे. अमेरिकेत विल्यम रॉबिन्सनने 1872 मध्येच यावर उपाय शोधला होता. रुळांतून हलकासा वीजप्रवाह सोडायचा. गाडी आली की तिच्या चाकांतून तो मधेच वळवला जातो आणि सिग्नल ‘धोक्या’वरच राहतो. हा ट्रॅक सर्किट. ब्रिटिश कंपन्या तो बसवायला उत्सुक नव्हत्या. खर्च होता, आणि माणसावर विसंबून काम चालले होते.

त्या माणसाची अवस्था काय असू शकते, ते 1892 च्या नोव्हेंबरात दिसले. यॉर्कशरमधल्या थर्स्कजवळ मॅनर हाउस नावाच्या केबिनमध्ये जेम्स होम्स रात्रपाळीला असे. 1 नोव्हेंबरला त्याची तान्ही मुलगी रोझ आजारी पडली. रात्रपाळी करून आलेला होम्स न झोपता डॉक्टरला शोधत मैलोन् मैल चालला. डॉक्टर दुसऱ्या रोग्याकडे गेलेला होता. मुलगी गेली. बायकोला सावरायचे, आईला बोलावून घ्यायचे, या धावपळीत दिवस संपला. होम्सने स्टेशनमास्तरला सांगितले की आज रात्री मला काम झेपणार नाही. बदली माणूस हवा अशी तार वर गेली. माणूस आला नाही. सुमारे छत्तीस तास जागा असलेला होम्स पाळीवर चढला.

पहाटे एडिंबरोहून येणारी एक्स्प्रेस दोन भागांत धावत होती. पहिला भाग गेला, मागून एक मालगाडी आली आणि त्याच्या हद्दीत उभी राहिली. होम्सचा डोळा लागला. घंटेने जाग आली तेव्हा मालगाडीची आठवण त्याच्या मनातून पुसली गेली होती. त्याने एक्स्प्रेसचा दुसरा भाग स्वीकारला आणि सिग्नल दिला. 10 माणसे मेली.

होम्सवर मनुष्यवधाचा खटला झाला. ज्यूरीने त्याला दोषी ठरवले पण दयेची शिफारस केली, आणि न्यायाधीशांनी शिक्षा न देता सोडून दिले. न्यायालयातल्या लोकांनी जयघोष केला. सामान्य माणसांना त्या दिवशी जे कळले, ते कंपन्यांच्या कचेऱ्यांत कळायला फार वेळ लागला, असे मला वाटते. पुढच्याच वर्षी रेल्वे नोकरांच्या कामाच्या तासांवर सरकारला लक्ष घालता येईल असा कायदा झाला. त्याची चर्चा आधीपासून चालू होती, पण थर्स्कच्या रात्रीनंतर ती टाळणे अवघड होते.

विसरायला झोपच लागते असेही नाही. 24 डिसेंबर 1910 च्या पहाटे हॉझ जंक्शनला आल्फ्रेड सटन हा सिग्नलमन पूर्ण जागा होता. चढावर गाड्यांना मदत करून सुटी झालेली इंजिने तिथे जमत, आणि त्या रात्री ती एकामागून एक परत पाठवायची होती. कार्लाइलला जायची दोन जोडलेली इंजिने त्याने पुढच्या सिग्नलपाशी नेऊन उभी केली आणि इतर गाड्यांच्या हलवाहलवीत ती विसरला. वीसेक मिनिटांनी लंडनहून स्कॉटलंडला जाणाऱ्या एक्स्प्रेससाठी त्याने सिग्नल पाडले. ते आपल्यासाठीच आहेत असे समजून इंजिने निघाली, आणि एक्स्प्रेस त्यांना मागून येऊन धडकली. दिव्यांच्या गॅसने डबे पेटले, 12 जण गेले. लांबवर आकाश लाल झालेले पाहून सटननेच निरोप धाडला की स्टेशनमास्तरला सांगा, मी एक्स्प्रेस मोडली. अशा प्रसंगासाठी नियम 55 होता. सिग्नलला गाडी अडकून राहिली तर तिच्यावरच्या एकाने केबिनमध्ये जाऊन सिग्नलमनला आठवण द्यायची. त्या इंजिनांवरून कोणीच गेले नाही. निरीक्षकांनी ट्रॅक सर्किट बसवायला सांगितले आणि मिडलंड रेल्वेने ते मनावर घेतले. इतर बहुतेक कंपन्यांनी घेतले नाही.

त्यानंतर पाच वर्षांच्या आतच क्विंटिन्सहिल घडले. ब्रिटनच्या रेल्वेवर याहून मोठा अपघात आजवर झालेला नाही.

इंग्लंड-स्कॉटलंड सीमेवर ग्रेटना गावाजवळ कॅलेडोनियन रेल्वेची ही केबिन. उत्तरेला जाणारी एक मेन लाइन, दक्षिणेला जाणारी दुसरी, आणि दोन्ही बाजूंना एकेक लूप. जवळ वस्ती नाही. रात्रपाळी सकाळी 6 ला संपे. पण तिथल्या सिग्नलमननी आपसांत एक सोय केली होती. सकाळी कार्लाइलहून येणारी लोकल काही दिवशी क्विंटिन्सहिलला बाजूला घेऊन मागच्या एक्स्प्रेसला वाट देत. अशा दिवशी सकाळच्या पाळीचा माणूस चालत यायच्या ऐवजी त्या लोकलनेच येई आणि साडेसहाच्या सुमारास कामावर चढे. वहीत 6 नंतर अक्षर बदललेले दिसायला हवे, म्हणून रात्रीचा माणूस 6 पासूनच्या नोंदी कागदाच्या चिटोऱ्यावर करून ठेवी. नवा माणूस आला की त्या आपल्या हाताने वहीत उतरवी.

22 मे 1915 ला रात्रीच्या पाळीवर जॉर्ज मीकिन होता, सकाळी आला जेम्स टिन्स्ली. महायुद्ध चालू होते, लंडनच्या दोन्ही रात्रीच्या एक्स्प्रेस उशिरा धावत होत्या. दोन्ही लूपमध्ये मालगाड्या उभ्या. लोकलला जागा उरली नाही, तेव्हा मीकिनने ती सांध्यावरून पलीकडे, दक्षिणेकडच्या मेन लाइनवर नेऊन उभी केली. यात नियमबाह्य काही नव्हते. लोकल केबिनच्या खिडकीसमोर साठेक मीटरवर उभी होती, आणि टिन्स्ली नुकताच तिच्यातूनच उतरून वर आला होता.

ही गाडी लक्षात राहावी म्हणून तीन बंदोबस्त होते. एक, शेजारच्या केबिनला घंटेने कळवायचे की माझ्याकडे मार्ग अडला आहे, गाडी पाठवू नका. ते कळवले गेले नाही. दुसरा, त्या मार्गाच्या सिग्नलच्या लिव्हरवर लोखंडी कडे, म्हणजे लिव्हर कॉलर, चढवायचे. मग विसरून हात गेला तरी लिव्हर ओढता येत नाही. ते चढवले गेले नाही. तिसरा, नियम 55. लोकलचा फायरमन केबिनमध्ये आला आणि वहीत सही करून परत गेला. लिव्हरवर कडे आहे की नाही ते त्याने पाहिले नाही.

टिन्स्ली वही उतरवण्यात गुंतला. मीकिन घरी न जाता वर्तमानपत्र वाचत बसला. मालगाड्यांची माणसे वर येऊन युद्धाच्या गप्पा करत होती. सगळे विसरायला होऊ नये म्हणून जी वही होती, तिचे चिटोरे उतरवण्यातच त्या मिनिटांत टिन्स्लीचे लक्ष अडकले होते. मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत क्लेशकारक गोष्ट हीच वाटते. 6.38 ला पहिली एक्स्प्रेस उत्तरेला गेली. 6.42 ला उत्तरेकडच्या केबिनने दक्षिणेला जाणारी सैनिकांची गाडी देऊ केली. टिन्स्लीने ती घेतली आणि सिग्नल दिले.

गाडीत रॉयल स्कॉट्सच्या सातव्या बटालियनचे सुमारे 500 सैनिक होते. बहुतेक एडिंबरोजवळच्या लीथ बंदरातले, एकाच गावाची पोरे. लिव्हरपूलहून जहाजाने गॅलिपोलीच्या आघाडीवर जायचे होते. युद्धामुळे डब्यांची टंचाई होती, म्हणून त्यांना जुने लाकडी, गॅसच्या दिव्यांचे डबे मिळाले होते. 6.49 च्या सुमारास ही गाडी उतारावरून भरधाव येऊन लोकलवर आदळली. जवळजवळ 195 मीटर लांबीची गाडी 60 मीटरांत चेपली गेली. डबे शेजारच्या रुळांवर पसरले, आणि काही मिनिटांत उत्तरेला जाणारी दुसरी एक्स्प्रेस त्या ढिगाऱ्यात घुसली. तिलाही सिग्नल आधीच दिलेला होता. इंजिनांतले निखारे डब्यांखालच्या गॅसला लागले. आग दुसऱ्या दिवसापर्यंत धुमसत होती.

दुपारी शेतात बटालियनची हजेरी घेतली तेव्हा साठेक जण उभे होते. हजेरीचे कागद आगीत गेल्यामुळे मृतांची नेमकी संख्या कधीच लागली नाही. साधारण 226 धरतात, त्यांत दोनशेहून अधिक सैनिक. लीथच्या रोझबँक दफनभूमीत त्यांना एकत्र पुरले. अनेकांची ओळख पटण्यासारखे काही उरले नव्हते.

निरीक्षक ड्रुइट यांच्या चौकशीत मीकिन आणि टिन्स्ली दोघांनीही काही लपवले नाही. आपण लोकल विसरलो, असे टिन्स्लीने सरळ सांगितले. सप्टेंबरात एडिंबरोच्या न्यायालयात खटला उभा राहिला. ज्यूरीला निर्णयासाठी आठ मिनिटे पुरली. टिन्स्लीला तीन वर्षे सक्तमजुरी, मीकिनला दीड वर्ष कैद. त्यांनी नियम मोडले होते, यात शंका नाही, आणि इतक्या मोठ्या गावदुःखापुढे न्यायालयाने डोळेझाक करावी अशी अपेक्षाही करता येणार नाही. पण आरोपीच्या पिंजऱ्यात फक्त तिघे होते, हे दोघे सिग्नलमन आणि लोकलचा फायरमन, आणि फायरमन निर्दोष सुटला. चिटोऱ्यांवरच्या नोंदी आणि कड्यांशिवायचे लिव्हर हा तिथला रोजचा शिरस्ता असताना तो कोणाच्याच नजरेला कसा आला नाही, गॅसचे लाकडी डबे पाचशे माणसांखाली का जोडले गेले, समोरच्या शंभर मीटर रुळांत ट्रॅक सर्किट का नव्हता, या प्रश्नांची उत्तरे कंपनीला कठड्यात उभे राहून द्यावी लागली नाहीत. उघड्या मैदानातली साधी केबिन, खिडकीतून सगळे दिसते, तिथे असा खर्च कशाला, असा त्या वेळचा विचार होता. 1916 च्या डिसेंबरात दोघांनाही मुदतीआधी सोडण्यात आले. दोघेही रेल्वेत परतले, टिन्स्ली दिवे सांभाळायच्या कामावर आणि मीकिन गार्ड म्हणून.

त्यानंतर गॅसचे दिवे हळूहळू गेले, विजेचे आले. लाकडी डब्यांच्या जागी पोलादी आले. ट्रॅक सर्किट आधी मोठ्या स्टेशनांत, मग वर्दळीच्या मार्गांवर पसरले. आपल्याकडे 1928 मध्ये जीआयपीने व्हीटी ते भायखळा या टप्प्यात रंगीत दिव्यांचे स्वयंचलित सिग्नल सुरू केले. तिथे गाडी स्वतःच आपल्या मागचा सिग्नल लाल करू लागली. मुंबईच्या लोकल इतक्या जवळजवळ धावू शकतात त्या याच तत्त्वावर. उरलेल्या देशात मात्र केबिनमन, घंटा आणि लिव्हर दशकानुदशके चालू राहिले.

20 ऑगस्ट 1995 च्या पहाटे उत्तर प्रदेशात फिरोजाबादजवळ कानपूरहून दिल्लीला जाणारी कालिंदी एक्स्प्रेस नीलगायीला धडकली आणि ब्रेक बिघडून रुळावरच उभी राहिली. ती पुढे निघून गेली असे गृहीत धरले गेले. शेवटचा दिवा गेल्याची खात्री झाली नाही, आणि मागून पुरीहून येणाऱ्या पुरुषोत्तम एक्स्प्रेसला त्याच मार्गावर सिग्नल मिळाला. तीनशेहून अधिक माणसे मेली. क्विंटिन्सहिलला तेव्हा ऐंशी वर्षे झाली होती, आणि रॉबिन्सनच्या ट्रॅक सर्किटला सव्वाशे होत आली होती.